इंग्रजी फॉर्मवरचं ‘एज’: आकडा लिहिण्याआधी काय तपासायचं

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर बँकेचे, विम्याचे, पासपोर्टचे, शाळेचे असे नाना तऱ्हेचे इंग्रजी फॉर्म येतात. ते भरून द्यायला मी बसते. नाव, पत्ता, पॅन नंबर इथे सहसा कुणी अडत नाही. अडतं ते वयापाशी. इंग्रजीत वयासाठी छापलेले शब्द दिसायला सारखे असले तरी प्रत्येक फॉर्मवर त्यांचा अर्थ थोडा सरकतो. कुठे पूर्ण झालेली वर्षं हवी असतात, कुठे जवळचा वाढदिवस धरतात, कुठे आजचं वय चालत नाही, अमुक तारखेचं लागतं. म्हणून मी प्रत्येकाला एकच सांगते: आकड्यापासून सुरुवात करू नका, जन्मतारखेपासून करा. आकडा दर वेळी नव्यानं काढायचा.

पायरी १: घरातल्या प्रत्येकाची वयाची चिठ्ठी

एका वहीत घरातल्या प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख आणि ती तारीख कोणत्या कागदावरून घेतली, एवढं लिहून ठेवा. महिना अक्षरात लिहा. ‘01/06/1958’ ही आपल्या हिशोबानं 1 जून, पण अमेरिकेच्या व्हिसाचे किंवा तिथल्या विद्यापीठांचे कागद भरताना महिना आधी येतो आणि तीच तारीख 6 जानेवारी होऊन बसते. मुलं तिकडे असलेल्या घरांमध्ये हा घोळ सारखा होतो.

1 जूनचं उदाहरण मुद्दाम घेतलं. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख कागदावर 1 जून आहे, कारण जन्माची नोंद नसलेल्या मुलांना शाळेत घालताना गुरुजींनी सत्र सुरू होण्याच्या सुमाराची तीच तारीख टाकली. घरात आजी म्हणते, ‘श्रावणातला जन्म याचा’, आणि दाखला म्हणतो 1 जून. फॉर्मवर दाखल्याचीच तारीख जायला हवी. श्रावणातला वाढदिवस घरी साजरा करावा. तो खराच आहे, पण कार्यालयाला त्याचा उपयोग नाही.

पायरी २: पूर्ण झालेलं की चालू?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबते.

‘नातवाला सातवं लागलं’ असं आपण म्हणतो तेव्हा त्याची सहा वर्षं पूर्ण झालेली असतात. ‘ह्यांना साठावं चालू आहे’ म्हणजे एकोणसाठ पूर्ण. एकसष्टी तर कुणी एकसष्टावं लागताच करतात, कुणी ते पूर्ण झाल्यावर. बोलण्यात हे सगळं चालतं. इंग्रजी फॉर्मवर मात्र नुसतं ‘एज’ लिहिलेलं असेल तर पूर्ण झालेली वर्षंच धरायची. ‘एज इन कम्प्लिटेड इयर्स’ आणि ‘एज लास्ट बर्थडे’ या दोन्हींचा अर्थ तोच: मागचा वाढदिवस झाला तेव्हा किती पूर्ण झाली? जनगणनेतही वय याच पद्धतीनं विचारतात.

याच्या उलट ‘इन हिज सिक्स्टिएथ इयर’ असं कुठे आलं, तर तो माणूस एकोणसाठ वर्षांचा आहे. तिथे क्रमवाचक शब्द आहे, म्हणजे आपल्या ‘साठावं चालू’सारखाच. ‘इन हिज सिक्स्टीज’ मात्र निराळं, साठ ते एकोणसत्तरमधलं काहीही. श्रद्धांजलीच्या इंग्रजी जाहिराती लिहिताना हे दोन्ही एकमेकांच्या जागी बसलेले मी पाहिलेत, आणि अशा वेळी तर चूक होऊच नये.

तिसरा प्रकार विम्याचा. तिथे ‘निअरर बर्थडे’ किंवा ‘निअरेस्ट बर्थडे’ लिहिलेलं असतं. एलआयसीच्या अनेक योजनांच्या माहितीपत्रकात किमान वयापुढे ‘कम्प्लिटेड’ आणि कमाल वयापुढे ‘निअरर बर्थडे’ असं एकाच तक्त्यात दिसेल. याचा हिशोब असा. समजा जन्म 14 ऑगस्ट 1966 आणि अर्जाची तारीख 1 मार्च 2026. मागचा वाढदिवस ऑगस्ट 2025 मध्ये झाला, तेव्हा 59 पूर्ण. पुढचा ऑगस्ट 2026 मध्ये येईल, तेव्हा 60. फेब्रुवारीच्या मध्याला सहा महिने उलटून गेले, म्हणजे 1 मार्चला पुढचा वाढदिवस जवळचा. ‘लास्ट बर्थडे’ धरलं तर वय 59, ‘निअरर’ धरलं तर 60. माणूस तोच, दिवस तोच.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. हप्ता वयावर ठरतो. ‘निअरर’ पद्धतीच्या योजनेत वाढदिवसानंतर सहा महिने व्हायला आले असतील, तर कागद त्याआधी पूर्ण करावेत, एक वर्ष कमी धरलं जातं. आणि कमाल वय पूर्ण झालेलं असेल तर पुढचा वाढदिवस येईपर्यंत वेळ आहे असं समजू नका. दार त्याच्या सहा महिने आधीच बंद होतं.

पायरी ३: कोणत्या तारखेचं वय?

‘एज ॲज ऑन’ हे शब्द दिसले की पुढची तारीख पेनानं अधोरेखित करा. आज तुम्ही किती वर्षांचे आहात याच्याशी त्या रकान्याला देणंघेणं नसतं.

मतदार नोंदणीचा फॉर्म 6 घ्या. पूर्वी वर्षातून एकच तारीख होती, 1 जानेवारी. त्या दिवशी 18 पूर्ण नसतील तर नोंदणी पुढच्या वर्षावर जायची. 2022 च्या ऑगस्टपासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. ऐरोलीतल्या कॉलेजात जाणाऱ्या, मार्चमध्ये अठरा पूर्ण करणाऱ्या मुलीला आता जानेवारीची वाट पाहावी लागत नाही.

पहिलीच्या प्रवेशासाठी महाराष्ट्रात 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत. शाळा सुरू होते जूनमध्ये, म्हणजे जूनमध्ये साडेपाच वर्षांचं असलेलं मूलही बसू शकतं. आईवडील प्रवेशाच्या दिवसाचं वय मोजून उगाच वर्षभर थांबतात. क्रिकेटमध्ये ‘अंडर नाइन्टीन’साठी भारतीय मंडळ 1 सप्टेंबर ही तारीख धरतं. नेरुळच्या किंवा ठाण्याच्या मैदानावर मुलाला घेऊन जाणाऱ्या पालकांनी आधी ही तारीख पाहावी, मग मोसम मोजावा.

विमान प्रवासात तारीख म्हणजे प्रवासाचा दिवस. दोन वर्षांखालचं बाळ ‘इन्फंट’, ते मांडीवर बसतं. जाताना दोनला चार दिवस कमी आणि परतताना दोन पूर्ण, असं झालं तर परतीला त्याला वेगळी सीट लागते. तिकीट काढतानाच हे पाहिलं तर विमानतळावर वाद होत नाही.

आता आयकर. आर्थिक वर्षात कधीही 60 पूर्ण झाली की त्या पूर्ण वर्षासाठी तुम्ही ‘सीनियर सिटिझन’, 80 झाली की ‘सुपर सीनियर’. जुन्या करप्रणालीत त्यांची करमुक्त मर्यादा अनुक्रमे 3 लाख आणि 5 लाख रुपये आहे. नव्या प्रणालीत वयानुसार फरक नाही. 1 एप्रिलला जन्मलेल्यांचं काय? प्रत्यक्ष कर मंडळानं 2016 च्या परिपत्रकात सांगितलं आहे की त्यांचं वय आदल्या दिवशी, 31 मार्चला पूर्ण झालं असं धरायचं. म्हणजे 1 एप्रिल 1966 चा जन्म असेल तर 2025-26 या वर्षापासूनच लाभ मिळतो.

यामागे एक जुना नियम आहे: जन्माचा दिवस पूर्ण धरला तर वर्ष वाढदिवसाच्या आदल्या मध्यरात्री पुरं होतं. सर्वोच्च न्यायालयानं 1986 मध्ये राजस्थानातल्या एका भरतीच्या खटल्यात हाच हिशोब लावला. उमेदवाराचा जन्म 2 जानेवारी 1956 चा होता आणि 1 जानेवारी 1984 ला 28 पूर्ण झालेली नसावीत अशी अट होती. न्यायालय म्हणालं, 1 जानेवारी संपताना ती पूर्ण झाली. उमेदवार बाद ठरला. सरकारी नोकर महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतात, पण महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेले आधीच्या महिन्याच्या शेवटी जातात, तेही यामुळेच. गुरुजींनी 1 जून लिहिलेली सगळी मंडळी 31 मे रोजी निवृत्त होतात. त्या दिवशी राज्यभरातल्या कार्यालयांत निरोप समारंभांची गर्दी असते.

पायरी ४: काठावरचे शब्द

‘सिक्स्टी अँड अबव्ह’ म्हणजे साठ पूर्ण झाल्या दिवसापासून. नुसतं ‘अबव्ह सिक्स्टी’ असेल तर साठावर काही हवं, असा अर्थ लावणारे असतात. तिथे साठाव्या वाढदिवसाच्या आसपास अर्ज करताना विचारून घ्या. ‘बिलो’ आणि ‘अंडर’ यांत तो आकडा येत नाही. ‘अंडर ट्वेल्व्ह’ म्हणजे बारावा वाढदिवस यायच्या आदल्या दिवसापर्यंत. ‘अप टू ट्वेल्व्ह’ हा मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण बारा वर्षं आणि पाच महिन्यांचं मूल त्यात आहे की नाही, हे त्या शब्दावरून कळतच नाही. नियमाचं पान उघडून पाहण्याला इथे पर्याय नाही.

‘अटेन्ड’ (attained) म्हणजे पूर्ण केलं, गाठलं; हजर राहणं नव्हे. ‘मस्ट नॉट हॅव अटेन्ड’ लिहिलेलं असेल तर त्या आकड्याचा वाढदिवस यायच्या आत, आणि वरच्या राजस्थानच्या खटल्याप्रमाणे वाढदिवसाचा आदला दिवसही त्यात धरू नका.

पायरी ५: शिक्के – चाइल्ड, मायनर, मेजर, सीनियर

हे शब्द वयाचे वाटतात, पण खरं तर ते त्या त्या नियमाचे असतात. वाशीत राहणारी तेरा वर्षांची एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. रेल्वेत पाच ते बाराच्या आतल्या मुलांना बर्थ न घेता अर्धं तिकीट, ती त्याच्या बाहेर, म्हणजे पूर्ण तिकीट. विमानात बारापासून ‘ॲडल्ट’, तिथेही मोठी. शिक्षण हक्क कायद्यात 6 ते 14 ‘चाइल्ड’, तिथे लहान. बालकामगार कायद्यात चौदाखालचं मूल ‘चाइल्ड’ आणि चौदा ते अठरामधलं ‘ॲडोलसन्ट’, म्हणजे आज चाइल्ड, पुढच्या वर्षी नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्यात अठरापर्यंत ‘चाइल्ड’च. बँकेत ‘मायनर’. बालविवाह प्रतिबंध कायद्यात तर मुलगी 18 पर्यंत आणि मुलगा 21 पर्यंत ‘चाइल्ड’, म्हणजे वीस वर्षांचा मतदार असलेला मुलगा तिथे बालक ठरतो. आईनं विमानाच्या तिकिटावर ‘ॲडल्ट’ निवडलं म्हणून गोंधळून जाऊ नये, आणि तिकिटावर ‘ॲडल्ट’ आहे म्हणून बँकेत सही मुलीची चालेल असंही समजू नये.

‘मेजर’ या शब्दाशी बरेच ज्येष्ठ अडखळतात. मेजर ऑपरेशन माहीत असतं, फॉर्मवर ‘मेजर’ पाहून काही आजार विचारलाय असं वाटतं. तिथे अर्थ एवढाच: सज्ञान. 1875 च्या भारतीय सज्ञानता कायद्यानुसार अठरा पूर्ण. पूर्वी न्यायालयानं पालक नेमला असेल तर ही मर्यादा 21 होती, 1999 च्या दुरुस्तीनं तीही 18 झाली. जुनी मृत्युपत्रं किंवा जमिनीचे कागद वाचताना हे आठवावं. ‘ऑफ एज’ आणि ‘ॲटेनिंग मेजॉरिटी’ हे त्याच अर्थाचे शब्द, ‘अंडरएज’ त्याच्या उलट. गाडीसाठी मात्र ‘अंडरएज’ कशाला म्हणायचं ते वाहनावर ठरतं: 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीला 16, इतर खासगी वाहनांना 18, प्रवासी-मालवाहू वाहनांना 20.

आता आजीआजोबा. ‘सीनियर सिटिझन’ एकच नाही. आईवडील व ज्येष्ठांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्यात 60. बँकेच्या ठेवींना बहुधा 60. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 60, पण निवृत्त झालेल्यांना काही अटींवर 55 पासून. एसटीत अर्धं तिकीट 65 पासून आणि 75 पूर्ण झाली की मोफत प्रवास. मोफत उपचारांचं आयुष्मान ‘वय वंदना’ कार्ड 70 पासून. रेल्वेची ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे आणि त्यात पुरुषांना 60, स्त्रियांना 45. आमच्या कट्ट्यावर येणाऱ्या पन्नाशीतल्या काकूंना हे सांगितलं की त्या आधी रागावतात, ‘मी कुठली ज्येष्ठ?’ म्हणतात. त्यांना सांगावं लागतं की हा कोटा घेण्यात कमीपणा काही नाही. गुडघे दुखत असतील तर हक्कानं घ्या.

पायरी ६: दवाखान्याच्या कागदावरचं वय

केसपेपरवर ‘45/एम’ म्हणजे 45 वर्षांचा पुरुष. पण बाळाच्या कागदावर ‘2 एम’ असेल तर तो एम महिन्यांचा. काही डॉक्टर ‘6/12’ लिहितात, म्हणजे बारापैकी सहा, सहा महिने. ‘3/52’ म्हणजे तीन आठवडे, ‘4/7’ म्हणजे चार दिवस. डोळ्यांच्या कागदावर मात्र 6/12 हा नजरेचा आकडा आहे, त्याचा वयाशी संबंध नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या घरात दोन शब्द कळलेच पाहिजेत. ‘जेस्टेशनल एज’ म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले गर्भाचे आठवडे. पूर्ण दिवस साधारण 40 आठवड्यांचे, 37 च्या आत जन्मलं तर ‘प्रीटर्म’. ‘करेक्टेड एज’ म्हणजे जन्मानंतरच्या वयातून जितके आठवडे लवकर आलं तितके वजा करायचे. आठ आठवडे लवकर जन्मलेलं सहा महिन्यांचं बाळ करेक्टेड वयानं चार महिन्यांचं. शेजारचं सहा महिन्यांचं मूल बसायला लागलं आणि आपलं बसत नाही, म्हणून आया फार घाबरतात. वाढ साधारण दोन वर्षांपर्यंत या करेक्टेड वयानं पाहतात, एवढं कळलं तरी अर्धी काळजी उतरते. लसी मात्र सहसा खऱ्या जन्मतारखेनुसारच दिल्या जातात, आणि त्या वेळापत्रकातले 6, 10, 14 हे आकडे आठवड्यांचे आहेत. त्यांचे महिने करून लस पुढे ढकलू नये. बाळाच्या बाबतीत शंका आली तर त्याच्या डॉक्टरांनाच विचारावं.

‘बोन एज’ हा मनगटाच्या, बहुधा डाव्या हाताच्या, एक्स-रेवरून काढलेला हाडांच्या वाढीचा अंदाज. तो जन्मतारखेपेक्षा पुढेमागे असू शकतो. क्रिकेट मंडळ सोळाखालच्या खेळाडूंसाठी ‘टीडब्ल्यू थ्री’ नावाची अशी चाचणी वापरतं. अहवालात आकडा जास्त आला म्हणून दाखल्यावरची तारीख बदलायची नसते.

पायरी ७: अर्ज आणि प्रतिज्ञापत्र लिहिताना

ठाण्याच्या कोर्टाच्या आसपास टाइप होणाऱ्या प्रतिज्ञापत्रात ‘एज अबाऊट 45 इयर्स’ असतंच. हा ‘अबाऊट’ पद्धतीचा भाग आहे. जन्मतारीख मागितली असेल तिथे ‘अबाऊट’ चालत नाही.

‘एल्डर’ घरातल्या नात्यांसाठी: एल्डर ब्रदर, एल्डर सिस्टर. तुलना करताना ‘ओल्डर दॅन’. ‘एल्डर दॅन’ लिहू नये. वडीलधाऱ्यांबद्दल पत्रात ‘ओल्ड’पेक्षा ‘एल्डरली’ बरा. ‘एज्ड’ दोन तऱ्हांनी वाचतात: ‘एज्ड 82’ म्हणजे वय 82, पण ‘दि एजिड’ म्हणजे वृद्ध मंडळी. ‘फॉर एजेस’मध्ये वय नाहीच, फार दिवस एवढाच अर्थ.

आणि घराच्या कागदावरचं ‘एज ऑफ बिल्डिंग’. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा, तीसवरच्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा. इमारतीचं वय सांगताना बांधकाम परवानगीची तारीख धरू नका, भोगवटा प्रमाणपत्राची तारीख काढा. नौपाड्यातल्या आणि वाशीतल्या जुन्या सोसायट्यांनी हा कागद फायलीत सगळ्यात वर ठेवावा.

पायरी ८: कागद एकमेकांशी जुळत नसतील तर

जन्मदाखला असेल तर तो पहिला. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टला तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच चालतो. ज्येष्ठांच्या बाबतीत शाळा सोडल्याचा दाखला. आधारवरच्या तारखेवर विसंबू नका. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही, असं आधार प्राधिकरणानंच सांगितलं आहे. भविष्य निर्वाह निधी संघटनेनं 2024 च्या जानेवारीत जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार काढून टाकलं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानंही एका अपघात भरपाईच्या खटल्यात आधारऐवजी शाळेचा दाखला ग्राह्य धरला. जुन्या आधार कार्डांवर नुसतं जन्मसाल छापलेलं आहे. ते घरात असेल तर आधी अद्ययावत करून घ्या.

दुरुस्ती करताना क्रम सांभाळा. मूळ दाखल्यात चूक असेल तर आधी तो: जन्म जिथे नोंदला तिथल्या महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात. मग आधार, मग पॅन, मग बँक आणि भविष्य निर्वाह निधी. आधी बँकेतली तारीख बदलायला गेलात तर आधार जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो. निवृत्तीला वर्ष-दोन वर्षं असतानाच हे काम हातात घ्या, आणि प्रत्येक ठिकाणच्या पोचपावतीची प्रत त्याच वहीत, त्या माणसाच्या चिठ्ठीमागे लावून ठेवा.